परमुलुखातील मंडळे आणि नोंदवहीबाहेरचा माणूस

(सुवर्ण महोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा जसा आनंदाचा, तसाच हिशेब मांडण्याचाही प्रसंग असतो. दिवाळीला व्यापारी नवी वही घालतो, पण त्याआधी जुन्या वहीची तेरीज जुळवतो. कोणाचे येणे राहिले, कोणाचे देणे फिटले नाही, हे पाहिल्याखेरीज नव्या पानावर कुंकू वाहण्यात अर्थ नसतो. म्हणूनच आजच्या मंगल दिनी चिंतनासाठी घेतलेला विषय वरवर पाहता दूरचा वाटला, तरी तो प्रत्येक संस्थेला आरसा दाखविणारा आहे. तो विषय म्हणजे परदेशी गेलेल्या आपल्या बांधवांनी तेथे उभारलेली मंडळे, आणि अडल्यानडल्या देशबांधवाला त्यांनी दिलेला आधार.

वाशिमसारख्या जिल्ह्यात हा विषय कशाला, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची निवड केली, तेव्हा त्यातही वाशिमचे नाव आले. परंतु या मातीचा परदेशाशी संबंध आजचा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद मापाची आगगाडी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मुख्यतः हा कापूस वाहून नेण्यासाठीच उभारली. लोकांनी तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हटले. आता ती गाडी धावत नाही, पण तिने वाहिलेल्या कापसाचे सूत सातासमुद्रापलीकडे निघाले आणि त्याचे कापड पुन्हा इकडच्या दुकानांत ताक्यांनी येऊन पडले. माल आधी परदेशी गेला. माणूस मागाहून गेला. आज कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा, वाशिम यांपैकी कोणत्याही गावी चार घरे फिरावीत. एखाद्या घरचा मुलगा पुण्याहून पुढे अमेरिकेस गेलेला, कोणाची मुलगी इंग्लंडात स्थिरावलेली, कोणाचा भाऊ आखातात वेल्डिंगच्या वा गवंडीकामाच्या नोकरीवर गेलेला आढळतो.

शिवाय, परमुलुखात पाय रोवणे म्हणजे काय, हे या सभागृहाला वेगळे सांगावयास नको. येथे बसलेल्या कित्येकांचे पूर्वज राजस्थानातून, गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन वऱ्हाडात आले. कारंजाचे बघेरवाल बंधू मूळचे राजस्थानचे. त्या काळी वऱ्हाड हाच त्यांचा परदेश होता. भाषा निराळी, पाणी निराळे, ओळखीचे कोणी नाही. अशा वेळी त्यांनी काय केले? मंदिर बांधले, त्याच्या आधाराने धर्मशाळा बांधली, आणि नव्याने येणाऱ्या माणसाला दोन वेळचे जेवण, निजावयास जागा आणि एखाद्या पेढीवर चिठ्ठी, एवढी व्यवस्था लावून दिली. आज ज्यास परदेशातील मंडळ म्हणतात, त्याचे मूळ रूप याहून वेगळे नव्हते.

असे मंडळ नसते तेव्हा काय होते, हे पाहावयाचे असेल तर डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आठवावे. एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून अठरा वर्षांची ही मुलगी बोटीने निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. त्या अफाट देशात मराठी बोलणारे एकही घर तिच्यासाठी नव्हते. तिचे दैव बलवत्तर म्हणून न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या परधर्मीय, परदेशी बाईंनी केवळ पत्रव्यवहाराच्या ओळखीवर तिला लेकीप्रमाणे घरी नेले. पुढे फिलाडेल्फियात शिकताना कडाक्याची थंडी, शाकाहाराचे आणि साडीचे व्रत, आणि पोखरणारा आजार यांच्याशी ती एकटीच झुंजली. १८८६ मध्ये ती वैद्यकीय पदवीधर झाली. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात तिची प्राणज्योत मालवली. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत जतन केली. आपल्या माणसांपासून दूर असलेल्या जिवाला एका घराचा आधार किती मोलाचा असतो, याचे याहून हृदयस्पर्शी उदाहरण दुसरे नसेल. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस वीरचंद राघवजी गांधी गेले. आहाराचे नियम सांभाळीत त्यांनी अमेरिकेत जैन दर्शनाची ओळख करून दिली. त्यांनाही चाळिशी गाठता आली नाही. दोघांच्या कर्तृत्वापुढे आपण नतमस्तक होतो, पण त्यांच्या एकटेपणाकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

मंडळे उभी राहिली ती या एकटेपणाच्या अनुभवातून, आणि ती केवळ शिकलेल्यांनीच उभारली असे नव्हे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठी मजूरही होते. दिवसभर मळ्यात राबून संध्याकाळी ही माणसे एका झोपडीत जमत. तिला 'बैठका' म्हणत. तेथे पोथी वाचली जाई, मुलांना अक्षरे गिरवावयास लावीत, भांडणे मिटवीत, आजाऱ्याची व्यवस्था पाहत. हाती पैसा नसलेल्या, मळ्याबाहेर जाण्यासही परवाना लागणाऱ्या माणसांनी निर्माण केलेली ही संस्था होती. तिची फळे पाहा: आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, शाळांत मराठी शिकविली जाते, आणि गावोगावच्या मराठी मंडळ्यांचा महासंघही आहे. मजुरांना उतरवून घेण्याचा तो 'आप्रवासी घाट' २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला.

इंग्लंडात प्रवाह निराळा होता. दादाभाई नौरोजींनी १८६५ मध्ये लंडन इंडियन सोसायटीच्या रूपाने तेथील हिंदी लोकांना एकत्र आणले. १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात 'इंडिया हाउस' हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. त्याचे नाव क्रांतिकार्यामुळे इतिहासात अजरामर झाले. पण मुळात ते हिंदी विद्यार्थ्याला लंडनमध्ये आपुलकीची खोली आणि आपले अन्न मिळावे म्हणून काढलेले घर होते, हे विसरता कामा नये. १९३२ मध्ये लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू आहे. स्वतःची वास्तू असणे म्हणजे काय, हे ज्यांनी या ट्रस्टच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा केली त्यांना ठाऊक आहे. रात्री अपरात्री दार ठोठावता येईल असा पत्ता समाजाला मिळतो.

अमेरिकेचा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला तो १९६५ च्या कायद्याने. त्यानंतर डॉक्टर, अभियंते, संशोधक मोठ्या संख्येने जाऊ लागले, आणि मोठ्या शहरांतून मराठी मंडळे निघाली. त्यांना एका सूत्रात गुंफण्यासाठी १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. त्याच वर्षी तेथील जैन संघांचा 'जैना' हा महासंघही स्थापन झाला, हा एक सुखद योगायोग आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे पहिले अधिवेशन १९८४ मध्ये शिकागो येथे भरले आणि पुढे दर दोन वर्षांनी अधिवेशनाची प्रथा पडली. कोरोनामुळे २०२१ चे अधिवेशन पुढे ढकलून २०२२ मध्ये घ्यावे लागले. मंडळाच्या मराठी शाळांतून तेथे जन्मलेली मुले बाराखडी गिरवितात आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने परीक्षाही देतात.

गणेशोत्सव, नाटके, दिवाळी अंक, अधिवेशने हे सारे डोळ्यांत भरणारे आहे. परंतु अनुभवी गृहिणी लुगडे घेताना केवळ काठ-पदर पाहून भुलत नाही. ती पोत चिमटीत धरून पाहते. मंडळाचा पोत वेगळ्या ठिकाणी दिसतो. नवा विद्यार्थी विमानतळावर उतरतो तेव्हा त्यास घ्यावयास कोणी येते काय? खोली मिळेपर्यंत चार दिवस कोणी घरी ठेवून घेते काय? बाळंतपणाला सासर-माहेरचे कोणी पोहोचू शकले नाही, तर आळीपाळीने डबा पोहोचविणाऱ्या चार बायका पुढे होतात काय? नोकरी अचानक गेली आणि व्हिसाची मुदत दिवसांवर आली, तर धीराने सल्ला देणारा कोणी जाणता भेटतो काय? या गोष्टींचे छायाचित्र कोणत्याही स्मरणिकेत छापले जात नाही, आणि कार्यकर्तेही त्याचा गवगवा करीत नाहीत. पण सभासद वर्षानुवर्षे वर्गणी भरतात ती याच विश्वासावर.

याहून कठीण प्रसंग म्हणजे परदेशातील मृत्यू. बंधू-भगिनींनो, मंगल प्रसंगी हा उल्लेख अनेकांस खटकेल, पण त्यावाचून मंडळाचे मोल कळत नाही. गावी रात्री फोन येतो. मुलगा गेला. आईबापांना तेवढेच वाक्य ऐकू येते. पुढे काय करावयाचे, हे कोणालाच ठाऊक नसते. आणि करावयाचे पुष्कळ असते. रुग्णालयाचा अहवाल, अपघात असेल तर पोलिसांचा दाखला, स्थानिक मृत्यूचे प्रमाणपत्र, पासपोर्ट रद्द करणे, देह टिकविण्याची रासायनिक प्रक्रिया व तिचे प्रमाणपत्र, भारतीय वकिलातीचा ना-हरकत दाखला, विमान कंपनीकडे मालवाहतुकीची नोंदणी. अंत्यविधी तेथेच करावयाचा की पार्थिव गावी आणावयाचे, याचे संमतिपत्र इकडून वारसांनी सही करून पाठवावे लागते. यातील एक कागद अडला तर सारे अडते. शनिवार-रविवार मध्ये आला तर दोन दिवस तसेच जातात. अशा वेळी जो कार्यकर्ता रजा काढून या दारातून त्या दारात फिरतो, तो मृताचा नातलग नसतो, बहुधा ओळखीचाही नसतो. कागद पुरे करून शवपेटी विमानात चढल्याची खात्री झाली की तो घरी फोन करतो, आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे कामावर जातो.

समूहावर ओढवलेल्या संकटातही हेच दिसून आले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले. बँका बंद, पगार बंद, चलन मातीमोल. एअर इंडियाने त्यांना जॉर्डनच्या अम्मान शहरातून ५९ दिवसांत ४८८ उड्डाणांनी मायदेशी आणले, ही कथा सर्वश्रुत आहे. पण कुवेतपासून अम्मानपर्यंत वाळवंटातून माणसे कशी पोहोचली, हे कमी लोकांस ठाऊक असते. तेथील भारतीयांनी आपली समिती केली, निराश्रितांना शाळांच्या इमारतींत आसरा दिला, धान्याची वाटणी केली, याद्या बनविल्या आणि बसगाड्या ठरविल्या. सरकारचे विमान येऊन थांबले, पण विमानापर्यंतची वाट माणसांनीच बांधली. मे २०२० मध्ये 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली, त्या वेळीही आखातातील अनेक भारतीय संघटनांनी स्वतंत्र विमाने ठरवून अडकलेल्यांना धाडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपली मुले बर्फातून चालत सीमेवर पोहोचली, तेव्हा पोलंडमध्ये स्वामीनारायण संस्थेच्या कार्यकर्त्यांनी स्वयंपाकघर उभारून त्यांना गरम शाकाहारी जेवण वाढले. वाढणाऱ्याने पानावर बसलेल्याचा प्रांत विचारला नाही, पंथही विचारला नाही.

येथेच या विषयातील खरा प्रश्न उभा राहतो. मंडळ कोणाचे? जो वर्गणी भरतो त्याचेच, की जो अडला आहे त्याचेही?

अमेरिकेतील अभियंत्याला मंडळाचा पत्ता ठाऊक असतो, तो इंग्रजी जाणतो, वकील करू शकतो. आखातातील मजुराची स्थिती तशी नाही. तो शहराबाहेरच्या कामगार वस्तीत एका खोलीत आठ-दहा जणांसमवेत राहतो. कित्येकदा त्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलेला असतो. नोकरी बदलावयाची तर पूर्वी मालकाच्या संमतीवाचून गत्यंतर नसे. अलीकडे काही देशांनी हे नियम सैल केले असले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचतातच असे नाही. मंडळाचा गणपती शहरातील मोठ्या सभागृहात असतो, त्याचे प्रवेशमूल्य त्याच्या दिवसाच्या मजुरीएवढे असते, आणि त्या दिवशी त्याला सुटीही नसते. साहजिकच मंडळाच्या नोंदवहीत त्याचे नाव नसते. आणि संकट ओढवते ते बहुधा त्याच्यावरच.

केरळच्या मजुराला याबाबतीत एक सोय आहे. त्याच्या गावची शेकडो माणसे त्याच शहरात असतात, त्यांच्या संघटना कामगार वस्त्यांपर्यंत पोहोचलेल्या असतात, आणि त्यांच्या राज्याने १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. वाशिमचा मजूर मात्र तेथे एकटा असतो. त्याच्या तालुक्याचे दुसरे कोणी त्या शहरात असेलच असे नाही. संख्येने थोडे असणे हे त्याचे दुर्दैव ठरते. म्हणून त्याच्यासाठी मराठी मंडळाने वस्तीपर्यंत जाणे हा उपकार नव्हे, ते मंडळाच्या नावातच अभिप्रेत असलेले कर्तव्य आहे. जी मंडळे सुटीच्या दिवशी कामगार वस्तीत आरोग्य तपासणी नेतात, मजुराचा अर्ज लिहून देतात, त्याला वकिलातीच्या दारापर्यंत सोबत करतात, त्यांच्या गणपतीची आरती अधिक मंगल असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

शासनाच्या व्यवस्था नाहीत असे नव्हे. २००९ मध्ये केंद्र शासनाने भारतीय समुदाय कल्याण निधी निर्माण केला. वकिलातीच्या सेवांवर थोडा अधिभार घेऊन तो उभा राहतो, आणि त्यातून निराधार भारतीयास तात्पुरता निवारा, परतीचे तिकीट, तातडीचे औषधोपचार, कायद्याची मदत, तसेच पार्थिव आणण्याचा खर्चही करता येतो. परंतु निधी तिजोरीत असणे आणि तो गरजवंताच्या हाती पडणे, यांत अंतर असते. अर्ज कोणी लिहावा, तो निराधार आहे याची खात्री कोणी द्यावी, कागद कोणी जोडावेत? हे अंतर भरून काढणारा दुवा म्हणजे तेथील मंडळ. व्यापाराच्या भाषेत सांगावयाचे तर शासन हुंडी लिहिते, पण ती वटविण्यासाठी ओळखीचा माणूस लागतो.

मंडळांचे दोष झाकण्याचे कारण नाही. जेथे चार मराठी माणसे तेथे पाच समित्या, हा विनोद परदेशातही खरा ठरतो. अध्यक्षपदावरून फाटाफूट होते, एका शहरात दोन गणपती बसतात, अधिवेशनाच्या भोजनावर जेवढा खल होतो तेवढा संकटनिधीवर होत नाही. तेथे वाढलेली पिढी मंडळात फिरकत नाही, ही तर सार्वत्रिक तक्रार आहे. यावर उपदेशापेक्षा हिशेब अधिक उपयोगी. उत्सवाचे खाते वेगळे आणि संकटनिधीचे खाते वेगळे ठेवावे. उत्सवाच्या प्रत्येक वर्गणीतून ठराविक वाटा न चुकता निधीत जमा करावा. आणि वर्षाअखेरीस किती नाटके झाली यासोबत किती माणसांना मदत पोहोचली, त्यांपैकी सभासद नसलेले किती, हेही अहवालात मांडावे. एवढी एक ओळ अहवालात आली तरी मंडळाचे चित्त कोठे आहे, ते कळून येते. आणि तरुण पिढीला नाटकाचे आकर्षण नसेल, पण सेवेचे असते. तिला खुर्च्या मांडावयास न बोलाविता रुग्णालयात दुभाषा म्हणून बोलवावे, ती आवर्जून येईल.

आता घरच्या बाजूकडे वळू. दोर दोन्ही टोकांनी धरावा लागतो. परदेशातील मंडळ कितीही कार्यक्षम असले तरी गावच्या घरी कागदच नसतील तर ते हतबल होते. म्हणून मुलगा वा मुलगी परदेशी जाताना घरच्यांनी काही गोष्टी कटाक्षाने कराव्यात. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार आणि विमापत्र यांच्या प्रती घरात एका पाकिटात ठेवाव्यात. काम करणाऱ्या कंपनीचे नाव, राहण्याचा पत्ता, एका सहकाऱ्याचा आणि एका शेजाऱ्याचा क्रमांक लिहून घ्यावा. त्या शहरातील मराठी मंडळ आणि भारतीय वकिलात यांचा पत्ता आधीच शोधून ठेवावा, आणि गेल्यावर वकिलातीत नाव नोंदविण्यास बजावावे.

मजुरीसाठी जाणाऱ्यांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीस ठराविक अठरा देशांत नोकरीसाठी जावयाचे तर १९८३ च्या कायद्याने उत्प्रवास परवानगी आवश्यक ठरविली. दलाल ती टाळून पर्यटन व्हिसावर धाडतात, आणि तसा गेलेला माणूस कोणत्याही नोंदीत राहत नाही. दलालाचे नाव शासनाच्या नोंदणीकृत यादीत आहे काय, हे आधी पाहावे. २०१७ मध्ये अशा नोंदणीकृत दलालाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक कर अशी ठरली. कोणी त्याच्या कित्येक पट मागू लागला तर तेथेच सावध व्हावे. परवानगी घेऊन जाणाऱ्यास प्रवासी भारतीय विमा योजनेचे संरक्षण मिळते. २०१७ च्या सुधारणेनंतर दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये, असे तिचे स्वरूप झाले. पावणेतीनशे रुपये वाचविण्याच्या नादात दहा लाखांचा आधार गमावणे, हा कोणत्याही बाजारात तोट्याचाच सौदा होय.

या कामी आपल्या जिल्ह्यातील धार्मिक आणि सामाजिक न्यासांना मोठा वाव आहे. प्रत्येक न्यासाने आपल्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी. गावातील कोण, कोणत्या देशी, कोणत्या शहरी आहे, त्याचे घरचे कोण, एवढीच नोंद. ती ठेवताना आपल्या समाजाचे, परक्या समाजाचे असा भेद नसावा. गावातील गवंड्याचा मुलगा जसा त्या वहीत हवा, तसा अमेरिकेतील अभियंताही हवा. उद्या त्या अभियंत्याच्या मंडळामार्फतच त्या गवंड्याच्या मुलापर्यंत मदत पोहोचेल. एका बाजूची वही आणि दुसऱ्या बाजूचे मंडळ यांची जोडणी झाली, की रात्री येणाऱ्या त्या फोननंतर काय करावे, हा प्रश्न निदान अनुत्तरित राहणार नाही. या कामाला इमारत लागत नाही, देणगीदाराच्या नावाची फरशी लागत नाही. रोज तासभर बसणारा एक निवृत्त शिक्षक वा मुनीम पुरे होतो.

जैन परंपरेने या बाबतीत दोन शब्द दिले आहेत. एक साधर्मिक वात्सल्य, आणि दुसरा जीवदया. पहिल्यात आपल्या धर्मबंधूची काळजी आहे. दुसऱ्यात सीमा नाही. पांजरपोळात आणलेल्या लंगड्या गाईला कोणी वर्गणीची पावती विचारत नाही. धर्मशाळेची ओसरी पावसात भिजणाऱ्यासाठी असते, त्याचे नाव नोंदवहीत मागाहून येते. प्रत्येक समाजाची संस्था आपल्या माणसांसाठी सुरू होते, आणि त्यात काही गैर नाही. आपल्यावर प्रेम करण्याची सवय लागल्याखेरीज परक्यावर प्रेम करता येत नाही. मात्र पन्नास वर्षांनी संस्थेने स्वतःला विचारावे, की आपली ओसरी आता किती लांब झाली?

मॉरिशसच्या मळ्यातील बैठका असो, लंडनची वास्तू असो, कुवेतच्या शाळेतील ती धान्याची वाटणी असो, वा रोझेलच्या एका अमेरिकन बाईंचे घर असो. या सर्वांचे स्मरण आज होते ते त्यांनी नोंदवहीबाहेरच्या माणसाला दार उघडले म्हणून. कार्पेंटरबाई तर कोणत्याच मंडळाच्या सभासद नव्हत्या.

परदेशी गेलेल्या प्रत्येक वाशिमकराला त्या मुलुखात असे एक उघडे दार लाभो, आणि परमुलुखातून वाशिमला आलेल्या प्रत्येकाला येथेही ते लाभो, हीच आजच्या सुवर्णक्षणी जिनेश्वर चरणी प्रार्थना. संस्थेच्या शताब्दीकडील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.